कामापुरतं बोलणं

"तिकडे मशिनं मोकळी आहेत. तिकडे जाता का? लवकर होईल," चिंगी म्हणाली, आणि माझी टोपली काउंटरवर टेकायची ती हवेतच राहिली. चिंगी म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर तिचं कागदोपत्री नाव आहे, पण ते आमच्या घरात कुणी कधी वापरलं नाही, त्यामुळे त्या नावाची बाई मला अजूनही परकीच वाटते. तीन वर्षं होत आली, आमचा अबोला आहे. आणि ह्या तीन वर्षांत दर गुरुवारी मी ह्या दुकानात येते, टोपली भरते, चिंगीसमोर उभी राहते. ती एकेक वस्तू काचेवरून सरकवते, काच टुक टुक करते. "पिशवी हवी का?" ती विचारते. "नको," मी म्हणते. ती आकडा सांगते, मी पैसे देते, ती "धन्यवाद" म्हणते. झालं. ह्याला कुणाला बोलणं म्हणायचं असेल तर म्हणू दे बापडं. आमच्या घरच्या कायद्यात हे बोलणं नव्हे, हे कामापुरतं.

कायदा आईने घातलेला. आमची आई अबोल्यातली उस्ताद. बाबांशी तिचं बिनसलं की घरात आवाज चढायचे नाहीत, उलट भांडीसुद्धा हळू ठेवली जायची, आणि मी नि चिंगी समजायचो, की झालं, आता काही दिवस आपली हमाली सुरू. "विचार ह्यांना, अजून वाढू का." "सांग तिला, पुरे." दोघं समोरासमोर, मध्ये हातभर टेबल, आणि आम्ही दोघी ह्यांचं तिला नि तिचं ह्यांना पोचवतोय. आम्ही शाळेत असलो तर आई दाराला सांगायची. "चावी खुंटीवर आहे," असं दाराकडे बघून म्हणायची, आणि बाबा दाराला "बरं" म्हणायचे. आमच्या घरातलं सगळ्यात जास्त त्या दारालाच ठाऊक होतं. नियम अगदी पक्के. जो आधी थेट बोलेल तो हरला. कामापुरतं बोललेलं बोलण्यात धरायचं नाही, मात्र त्यात कामाबाहेरचा एक शब्दही येता कामा नये. 'दूध आलंय' चालेल. 'दूध आलंय, आज चांगलं घट्ट आहे' म्हटलंत की गेलात, हरलात. चिंगी आणि मी भातुकलीतसुद्धा अबोला अबोला खेळायचो. ती नेहमी हरायची. गप्प राहणं तिला जमायचंच नाही, पोटात काही म्हणून राहायचं नाही तिच्या. म्हणून तर मला इतकं लागलं.

काय लागलं, तर तिचं लग्न. आई-बाबा गेल्यावर आम्ही दोघी त्याच दोन खोल्यांत राहत होतो. माझं लग्न झालं नाही, तिचंही नाही. का, ते विचारू नका, काही मोठी कहाणी नाही त्याच्यामागे, राहून गेलं एवढंच. आणि पन्नाशी उलटल्यावर चिंगीने लग्न ठरवलं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पहिली बायको वारलेली. आमच्या इमारतीची लिफ्ट त्या वर्षी सारखी बंद पडायची. मला वाटायचं, जुनी झाली आहे. असो. लग्नाला माझी काही ना नव्हती, अगदी शपथेवर सांगते. पण खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला माहीत. पेपर टाकणाऱ्याला माहीत. चिंगीच्या दातांच्या डॉक्टरला माहीत. तो मला रस्त्यात भेटून "अभिनंदन" म्हणाला. मी म्हटलं, "कशाबद्दल?" तर त्याचंच तोंड दाढ उपटल्यासारखं झालं. पोटात काही न राहणाऱ्या माझ्या बहिणीने ही गोष्ट पोटात ठेवली, ती फक्त माझ्यापासून. घरी येऊन विचारलं, तर म्हणाली, "ताई, तुला सांगायची भीती वाटत होती." भीती! माझी! मी काय वाघ आहे का? "आनंद आहे," एवढंच म्हटलं, आणि तिथून जी गप्प झाले ती आजतागायत. आठवडाभराने ती दोन बॅगा घेऊन गेली. दारात थांबली होती बराच वेळ. मी पाठमोरी उभी राहून दूध तापवत होते. चूक तिची होती. आजही तिचीच आहे, त्यात तीन वर्षांनी काही फरक पडलेला नाही.

पुढे ती ह्या दुकानात नोकरीला लागली. आता ह्या दुकानात मी तिच्या आधीपासून जाते, मी का म्हणून दुकान बदलू? आणि तिने तरी लागलेली नोकरी का सोडावी? दुकान लहान, काउंटर एकच. सामान घ्यायचं तर तिच्यापुढे उभं राहायलाच हवं, इलाजच नाही. ह्या 'इलाज नाही'च्या जिवावर आमची तीन वर्षं निघाली. मग मी हळूहळू चलाखी करायला लागले. पिशवी माझ्याकडे असायचीच, पण पर्सच्या तळाशी घडी करून. दिसली तर चिंगी विचारणार नाही, आणि तिचं एक वाक्य बुडणार. मी बांधलेली भाजी सोडून सुटी भाजी घ्यायला लागले, कारण सुटीचं वजन काउंटरवर होतं. एक काकडी, दोन गाजरं, चार बटाटे, प्रत्येकाची वेगळी पुडी. ती उचलणार, काट्यावर ठेवणार, बटण दाबणार, चिकटपट्टी लावणार. कधी शेवटच्या घटकेला एखादा साबण मागे सारायचा. "हे राहू दे." मग ती किल्ली फिरवून ते रद्द करणार. मागचे लोक उसासे टाकायचे. टाकू देत, माझं काय जातं. चिंगीने मात्र कधी घाई केली नाही. काकडी अशी सावकाश उचलायची, जणू दुकानात दुसरं गिऱ्हाईकच नाही.

आणि मी ऐकायचे. ऐकणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मी जन्मभर एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनवर होते. 'इस्पितळ, बोला.' 'थांबा, जोडते.' 'तिकडे कुणी उचलत नाही, पुन्हा करा.' एवढ्या भांडवलावर सगळी नोकरी काढली. लोकांना वाटतं, ठरलेली वाक्यं म्हणजे पोपटपंची. अहो, ठरलेल्या वाक्यातच माणूस नागडं होतं. शब्द तेच असल्यामुळे राहतो तो फक्त आवाज. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात एक ऑपरेटर होती, तिला मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही, पण ती "बोला" कशी म्हणते त्यावरून मला कळायचं, की आज हिचं डोकं उठलंय, आज हिने नवी साडी नेसली आहे. एकदा तिच्या "बोला"त काहीच नव्हतं. मी म्हटलं, "तुमच्या सगळ्या लाइनी ठीक आहेत ना?" ती म्हणाली, "एक बंद झाली." तिची आई गेली होती, हे मला आठवड्याने कळलं, पण खरं म्हणजे तेव्हाच कळलं होतं. पुढे आमच्या जागी यंत्र आलं. एक दाबा, दोन दाबा. निरोपाच्या दिवशी सगळे म्हणाले, आता आराम करा. केला. तर सांगायचं काय, 'पिशवी हवी का' एवढ्यातून मी चिंगीची सगळी खबर ठेवून होते. पडसं झालं की मला कळायचं. लिफ्टवाल्याशी वाजलं की कळायचं. एकदा ती आतल्या आत हसत होती, कशाला ते नाही कळलं, पण मला घरी जाईपर्यंत उगाच बरं वाटत राहिलं.

पण गेल्या गुरुवारचं ते वाक्य मला उलगडेना. दुकान काही दिवस बंद होतं. उघडलं तेव्हा काउंटर कोपऱ्यात ढकललेला, आणि दारासमोर चार मशिनं ओळीने उभी, चकचकीत. आपलं सामान आपणच काचेवर धरायचं, आपणच वजन करायचं, आपणच पैसे भरायचे आणि आपणच स्वतःला धन्यवाद म्हणून घरी जायचं. कोपऱ्यात दुकानाचा मॅनेजर, कायम टाय लावणारा एक सज्जन माणूस, हात मागे बांधून उभा होता. चिंगीने माझ्या पुढच्या माणसालाही तेच म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणजे वाक्य दुकानाचं होतं. सगळ्यांना म्हणायचं असं वरून सांगितलेलं असणार. पण मला म्हणताना ती मध्येच थांबली. 'तिकडे जाता का' आणि 'लवकर होईल' ह्यांच्यामध्ये एक श्वास होता, आणि तो श्वास काही दुकानाचा नव्हता. तो काय म्हणत होता? जा एकदाची, असं? तीन वर्षं तुझ्या काकड्या जोखून कंटाळले, असं? आणि खरी गोम पुढेच होती. इतके दिवस इलाज नव्हता. आता इलाज चार-चार उभे होते. मशिनं रिकामी असताना मी हिच्यापुढे उभी राहिले, तर ते कामापुरतं राहत नाही. मग ते सरळ सरळ 'मला तुझ्याकडेच यायचंय' असं होतं. म्हणजे तोंड न उघडता मी आधी बोलले. हरले. हे सगळं टोपली हवेत असताना, एवढ्याशा वेळात माझ्या डोक्यातून गेलं, आणि माझे पाय आपोआप मशिनाकडे वळले. चिंगीने माझ्या मागच्या माणसाचा ब्रेड उचलला.

मशिनाने माझी पुरती शोभा केली. "वस्तू काचेसमोर धरा," एक बाई म्हणाली. गोड आवाज, स्वच्छ उच्चार, आणि आत काहीही नाही. ह्या बाईला कधी पडसं झालेलं नाही, हिचं कुणाशी वाजलेलं नाही, हिला कुणी बहीण नाही. मी कान लावून ऐकलं, सवय म्हणून, तर भिंतीला कान लावल्यासारखं झालं. "वस्तू पिशवीच्या जागेत ठेवा." ठेवली. "वस्तू पिशवीच्या जागेत ठेवा." "अगं, ठेवली की!" मी ओरडले. शेजारचा माणूस हसला. काकडीचं काय करायचं ते मला समजेना, मी ती नुसतीच काचेसमोर नाचवत राहिले. डोक्यावर लाल दिवा लागला, चोर पकडल्यासारखा. दुकानातली एक मुलगी आली, गळ्यातलं कार्ड टेकवलं, माझी काकडी घेऊन चार ठिकाणी बोट दाबलं आणि गेली. मी चिंगीकडे पाहिलं. ती पाहत नव्हती. बाहेर पडल्यावर लक्षात आलं, की तीन वर्षांत पहिल्यांदाच मी तिचा 'धन्यवाद' न घेता चालले आहे, आणि मला रस्त्यातच रडू आलं. रडले. लाज कसली त्यात? लोकांना वाटलं असेल, बाईचे डोळे आले आहेत.

तो आठवडा कसा गेला ते माझं मला ठाऊक. घर आवरलं, कपाटं पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. सारखी आई डोळ्यांपुढे यायची. आईचा शेवटचा अबोला एका रोपट्यावरून झाला. बाबांनी खिडकीतल्या कुंडीतलं एक रोप तण समजून उपटलं. ते तण नव्हतं. बस्स, एवढंच. आणि तो अबोला चालू असतानाच आईचं दुखणं निघालं. माझ्याच इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर. आम्हाला वाटलं, आता तरी. छे! बाबा पलंगाशेजारी खुर्चीत, आईचा हात त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर लांब, आणि ते मला म्हणाले, "हिला विचार, उशी उंच करू का." आई डोळे मिटून मला म्हणाली, "म्हणावं, असू दे." पहाटे ती गेली. तिच्यानंतर बाबा बोलायला लागले. दिवसभर तिच्या फोटोशी बोलायचे, चावी खुंटीवर आहे, दूध आलंय, आज घट्ट आहे हं. ऐकवायचं नाही. चिंगी तेव्हा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली होती, "ताई, आपण असं नाही ना करणार?" मी म्हटलं होतं, "वेडी आहेस का?" आता मी कपाट पुसता पुसता थांबायचे आणि म्हणायचे, उद्या जाऊन सरळ बोलावं. आणि लगेच दातांच्या डॉक्टरचं ते तोंड आठवायचं, आणि माझा राग जागच्या जागी, अगदी ताजा. माणसाला राग आणि माया एकाच वेळी येऊ नये अशी काहीतरी सोय हवी होती. ती नाही.

आज गुरुवार. टोपलीत नेहमीचं सामान भरलं आणि दोन्हींच्या मध्ये उभी राहिले. डावीकडे मशिनं, तीन रिकामी. उजवीकडे चिंगी, पुढे थोडी माणसं. ज्यांना मशीन जमत नाही ती, ज्यांना करायचं नाही ती. मी स्वतःला म्हटलं, तू पहिल्यातली. तुला मशीन जमत नाही हे गेल्या वेळी सगळ्या दुकानाने पाहिलंय, तेव्हा तुझा इलाज नाही. एवढं सोयीचं कारण सापडल्यावर मी लगबगीने रांगेत शिरले. चिंगीने मान वर केली, मला पाहिलं, मान खाली घातली. काही वाचता आलं नाही. माझ्या पुढच्या बाईच्या कडेवर मूल होतं. तिची पाळी आली तेव्हा ती चिंगीला म्हणाली, "ताई, आता सगळं मशिनावर झालं. मग तुमचं काय?"

"मी सोमवारपासून गोदामात," चिंगी म्हणाली. "शहराबाहेर, मोठ्या रस्त्यावर आहे ना, तिथे."

"मग इथे कोण बसणार?"

"इथे काउंटरच राहणार नाही. तिकडे गिऱ्हाईक वगैरे काही नसतं. नुसती खोकी."

सोमवारपासून. म्हणजे पुढच्या गुरुवारी ह्या कोपऱ्यात फ्रीज असेल नाहीतर बिस्किटांची चळत असेल, आणि मी कुठेही उभी राहिले तरी समोर चिंगी नसेल. तिचं घर मला माहीत नाही असं नाही, शिंपिणीने पत्ता दिलाय दोनदा. पण घरी कुणी कामापुरतं जात नाही. आज इथून मी 'नको' म्हणून निघाले, की मग आमच्यामध्ये दारसुद्धा उरणार नाही सांगायला. आणि मला राग आला, ह्या वेळी दुकानाचा. इतकी वर्षं राबलेल्या बाईला उचलून खोक्यांत टाकतात, आणि तिच्या जागी ती बिनपडशाची बाई आणून बसवतात! तेवढ्यात तो टायवाला मॅनेजर हसतमुखाने माझ्यापाशी आला.

"मावशी, रांगेत कशाला उभ्या राहता? या ना, मी करून देतो मशिनावर." आणि त्याने माझ्या टोपलीला हात घातला.

"सोडा," मी म्हटलं.

"अहो, काही अवघड नाही. मी दाखवतो—"

"मला हिच्याकडेच करायचंय."

"हो, पण का? मशिनाची काही तक्रार—"

"ही माझी बहीण आहे."

टेलिफोनवरचा आवाज आहे माझा, जाडजूड भिंतीपलीकडे जाणारा. चिंगीचा हात त्या बाईच्या पावावर होता, तो तिथेच राहिला. टायवाल्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडेच बघत होते, कारण दुसरीकडे बघायची माझी हिंमत नव्हती. म्हटलं, "हिला विचारा, गोदामात का टाकलं तिला."

"ताई, ह्या विचारतायत, की—"

"ऐकलं मी," चिंगी त्याला म्हणाली. "सांगा तिला, कुणी टाकलं नाही. मी मागून घेतलं."

"त्यांनी मागून—"

"मला ऐकू येतं हो! विचारा, कशाला मागून घेतलं?"

बिचारा घामाघूम झाला. कडेवरचं मूल त्याची मान फिरेल तशी आपली मान फिरवत होतं.

"सांगा," चिंगी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला, "म्हणावं, तिथे बसून काम असतं."

"बसून म्हणजे? तुला काय झालंय?"

हे मी टायवाल्याला म्हटलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं तेव्हा मला पत्ताच नव्हता, चिंगीचे डोळे भरले तेव्हा कळलं. हरले. आणि हरल्यावर काहीतरी होईल, आभाळ कोसळेल असं मला तीन वर्षं वाटत होतं, तर तसं काहीच झालं नाही. चिंगीने त्या बाईचं सामान पुरं केलं, काउंटरवर 'बंद'ची पाटी ठेवली, माझ्यामागे उभ्या असलेल्या दोघांना "माफ करा हं" म्हणाली आणि फळी उचलून बाहेर आली. टायवाल्याने बाजूला होऊन तिला वाट दिली. भला माणूस.

तीन वर्षांत मी तिला कमरेच्या खाली पाहिलंच नव्हतं. काउंटर मध्ये असायचा. आता ती एका हाताने मशिनाची कड धरत धरत येत होती. दोन्ही पायांना गुडघ्यांपर्यंत पट्ट्या गुंडाळलेल्या, पावलं सुजून पाव झालेली, आणि त्यांत पुरुषी मापाच्या चपला, लिफ्टवाल्याच्या असणार. पाऊल उचलायच्या आधी ती किंचित थांबायची, आणि त्या थांबण्यात मला गेल्या गुरुवारचा श्वास ऐकू आला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झालं दीडेक वर्ष. शिरा फुगल्यात. डॉक्टर म्हणतात, उभं राहायचं नाही."

"आणि इथे उभी राहतेस?"

"काउंटरला बसायची पद्धत नाही गं."

दीड वर्ष. दीड वर्ष मी एकेक गाजर वेगळं बांधत होते. वजन कर, चिकटपट्टी लाव, हे राहू दे, ते रद्द कर. मागचे लोक उसासे टाकायचे आणि मी मनात म्हणायचे, माझं काय जातं. माझं काही जात नव्हतं. मला तिथेच काकड्या फेकून द्याव्याशा वाटल्या. "मूर्ख, बोलायचं नाहीस?" मी म्हटलं. "मुकाट्याने माझ्या पुड्या जोखत बसलीस? उभी राहिलीस? 'पुढे व्हा' म्हणायला काय झालं होतं?"

"म्हटलं असतं तर तू लवकर गेली असतीस," चिंगी म्हणाली.

न बोलण्याचा आता वीट आला होता. "आणि गेल्या वेळी? मला मशिनाकडे का पिटाळलंस?"

"पाय फार ठणकत होते. आणि साहेब बघत होते, सगळ्यांना सांगायचं असं ठरलं होतं." तिने नाक पुसलं. "आणि मला वाटलं, तू नाही म्हणशील."

मशिनांच्या बाजूला म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी एक स्टूल ठेवलेलं आहे. मी तिला दंडाला धरून त्याच्यावर बसवलं. ती म्हणाली, "अगं, थांब, तुझं बिल करून देते, तू आली आहेस तर," आणि उठायला लागली. मी म्हटलं, "खबरदार उठलीस तर." माझी टोपली उचलली आणि शेजारच्या मशिनासमोर जाऊन उभी राहिले.

"वस्तू काचेसमोर धरा," ती गोड बाई म्हणाली.

"धरते," मी म्हटलं.

"तिला नाही ऐकू येत," चिंगी स्टुलावरून म्हणाली. "आधी काकडी त्या काट्यावर ठेव. हं. आता चित्रं येतील, त्यातलं काकडीचं दाब. ते नव्हे. ताई, हिरवं दिसलं की दाबायचं नसतं."

"मग नीट सांग ना."

"नीटच सांगते आहे. तू कुणाचं ऐकलंयस का कधी? लग्नाचंसुद्धा तुला चार वेळा सांगायला आले होते मी, दर वेळी तू मध्येच लिफ्टच्या नावाने शंख करायला लागायचीस."

"लिफ्ट बंद पडायची, मग काय आरती ओवाळू?"

"तोच पाडायचा," चिंगी म्हणाली, आणि तिला हसू आलं, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. मग जी सुरू झाली! डॉक्टर काय म्हणाला, लिफ्टवाला पट्ट्या कशा उलट्या बांधतो, तिचा नवा जिना किती उभा आहे, शिंपिणीची सून आली का, आपल्या खिडकीवरचा पडदा बदललास का गं. तीन वर्षांचं साठलेलं सगळं एकदम, एकात एक घुसवून. मी बटाट्यांच्या जागी कांदे दाबले, लाल दिवा लागला, गेल्या वेळचीच मुलगी धावत आली. मी तिला म्हटलं, "सावकाश ये, बाळ." मला काही घाई नव्हती, आणि चिंगी बसली होती.